खटके

क्वांगहुआ बाजारात, तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पाठीमागे
माझा गाळा. रुंदी साडेचार फूट.
मी खटके विकतो.
निळे, लाल, तपकिरी, आणि एक दुधी जांभळा,
ज्याचं नाव कंपनी दर सहा महिन्यांनी बदलते.

काउंटरवर नऊ खटक्यांची पट्टी ठेवलीय,
कशालाच न जोडलेली.
लोक येतात, एका बोटानं दाबून बघतात,
पेरू चेपून बघावा तसे.
मी म्हणतो, दहाही बोटं टेकवा.
एका बोटानं फक्त लिफ्ट बोलावता येते.

येन जू-ह्वेई आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते,
म्हणजे तिची सकाळ.
रात्री ती कोरियन मालिकांना उपशीर्षकं लावते:
दुसऱ्यांची भांडणं, दुसऱ्यांची लग्नं,
ओळीला पंधरा अक्षरं,
त्यापलीकडे कुणी रडायचं नाही.
आजवर ऑफिसांनी टाकून दिलेल्या कीबोर्डांवर दिवस काढले,
हा पहिला, स्वतःच्या पैशाचा.

निळ्यावर बोटं पडली आणि थांबेचनात.
भाजक्या शेंगा फोडाव्यात तसा आवाज.
चेहरा असा, की बऱ्याच दिवसांनी
कुणी तिला नावानं हाक मारली असावी.
मग हात उचलून घेतला, चटका बसल्यासारखा.
"पलीकडे आई झोपते. मध्ये नुसतं प्लायवूड."

मूक लाल घेतला.
मी बांधून दिला. शहाण्यासारखी निवड, असंही म्हणालो,
गिऱ्हाइकाला आवडलं नसलं की मी हेच म्हणतो.
तिनं पावती घडी करून पाकिटात सरकवली;
आमच्याकडे पावतीवर सोडतीचा नंबर असतो,
फेकत नाही कुणी.

बाराव्या दिवशी परत आली, खोका बगलेत.
मी मनात वाक्यं जुळवून ठेवली:
उघडलेला माल परत नाही, पाटी वाचा,
पाटी माझ्या बायकोनं लिहिलीय, तिच्याशी बोला.

ती म्हणाली, "आईशी खटका उडाला."

म्हातारी बोलते हक्कात, ही उत्तर देते मँडरिनमध्ये,
प्लायवूडला दोन्ही येतात.
"रात्रभर मेल्यासारखी काय बसतेस?
आधी खडखड यायची, कळायचं, आहेस.
आता तीनदा उठून बघावं लागतं.
माझे गुडघे कोण भरून देणार, तुझा दुकानदार?"

गुडघे माझ्याकडे नव्हते.
पण या पट्टीतले खटके उपटता येतात,
डाग द्यावा लागत नाही, हे तिला माहीत नव्हतं.
एक चिमटा तिला दिला, एक मी घेतला.
सत्त्याऐंशी.
लाल उपटायचा, निळा बसवायचा,
पाय वाकला तर नखानं सरळ करून पुन्हा.
समोरचा ओऊ, मोबाइलच्या काचा विकणारा,
मदतीला म्हणून आला आणि काढून ठेवलेली टोपणं सांडली.
बो-पो-मो-फो, सगळी मुळाक्षरं जिन्यापर्यंत.
एक 'मो' वरच्या मजल्याला निघाला होता,
एका शाळकरी पोरानं पायानं अडवला.

साडेसहाला एकच खटका उरला,
खोडायच्या बटणाखालचा.
मी निळा पुढे केला.
तिनं त्या बटणावर तळहात ठेवला.

"हा मुका राहू दे.
मी लिहितेय, ते तिनं ऐकावं.
किती खोडते, ते नको."

शहाऐंशीचे पैसे घेतले. मजुरी घेतली नाही;
बायकोला सांगितलं, घेतली.

तो उरलेला निळा गल्ल्यात चिल्लरीत पडून आहे.
सुट्टे चाचपताना कधी बोटाखाली येतो
आणि बोलतो.