चेंडू अजून वर आहे

ओर्माएगीत चेंडू मीच शिवते. माझ्याआधी बाप शिवायचा.
आत लाकडाची बोराएवढी गोटी,
तिच्यावर मेंढीची लोकर, ओढून ओढून,
मग सुती दोरा, मग बकरीचं कातडं,
इंग्रजी आठासारखे दोन तुकडे
एकमेकांच्या गळ्यात पडलेले.
वजन एकशे पाच ग्रॅम. बाप म्हणायचा,
एका ग्रॅमची खोट म्हणजे गावाची खोट.

त्या मंगळवारी तिघं आले. भर पावसात, कोरडे.
बाईचा कोट शंभर वर्षं जुना आणि नवाकोरा,
पोरट्याचे बूट अजून कुणी शोधलेलेच नव्हते,
तिसरा बिनकाट्यांच्या घड्याळात बघत उभा.
‘एक चेंडू हवा. भिंत जरा लांब आहे.’
किती लांब?
‘शेवटचा तारा विझतो, त्याच्या पलीकडे.’
मग शिवण दुहेरी घालावी लागेल, मी म्हटलं,
आणि पैसे आगाऊ.

समोर कोण, विचारलं.
‘नाव नाही त्यांना. हात आहेत, पुष्कळ.
ते जिंकले तर तुमचं एक शतक नेतील. अख्खं.’
मला दोन-तीन सुचली, न्या म्हणावं अशी.
तेवढ्यात बाई म्हणाली,
‘आमच्यात एक गडी कमी आहे.
एनेको लार्रान्यागा. एकसष्ट सालच्या एप्रिलमधून आणतोय.
डाव संपला की जिथल्या तिथे ठेवू.’

सुई अंगठ्यात गेली.

एप्रिलमध्ये. म्हणजे कॉडवाली बोट सुटायच्या अकरा दिवस आधी.
धक्क्यावरच्या दगडात सतरा नावं आहेत,
खालून चौथं त्याचं.

तो दुकानात आला, हाताला पट्ट्या गुंडाळत, बावीस वर्षांचा.
मी अडुसष्टची.
चेंडू कानाशी नेऊन हलवला त्याने, लहानपणी हलवायचा तसा,
आणि म्हणाला, ‘आजीबाई, हलका वाटतो.’
तुझा हात जड झाला असेल, मी म्हटलं.
त्याने माझ्या अंगठ्यावरचं रक्त पाहिलं.
मग बराच वेळ चेहरा पाहिला.
काही बोलला नाही. बोलायची बंदी होती दोघांनाही.

सामना मला चर्चच्या भिंतीवरच दिसला,
ओल यावी तसा हळूहळू उमटत गेला.
पाद्रीबुवांच्या कोंबड्या मध्येमध्ये येत होत्या.
खाली काळोख, वर काळोख,
आणि मधे माझा भाऊ, उघड्या तळव्याने
चेंडू फोडून काढणारा.
एकवीस-एकवीस. बावीसला डाव.
त्याने उजवा हात मांडीला पुसला, डावा मागे नेला
(डावा! आईने मारमारून सोडवलेला डावा)
आणि टोला हाणला.

चेंडू गेला.
जातोच आहे.
पंचांनी हिशेब केला, पुन्हा केला, टोप्या काढल्या:
भिंतीला लागून परत यायला अकराशे वर्षं.
टिप्पा पडेपर्यंत गड्याला मैदान सोडता येत नाही.
नियम त्यांचाच.

बोट गेली तिच्या वेळेला, तिकडे, एकसष्टमध्ये.
धक्क्यावर आता सोळा नावं आहेत आणि
खालून चौथ्या जागी दगड नुसता गुळगुळीत.
गावात कुणाला काही खटकत नाही.

तो चेंडू एकशे चार भरला होता.
बाप असता तर दुकान बंद केलं असतं.

संध्याकाळी मी भिंतीपाशी खुर्ची टाकते.
तो तिथे उभा असतो, सुजलेला हात झटकत,
वर बघत.
मीही बघते. पाऊस असला तर छत्री घेऊन.