शहात्तर

पावणेसहाची फेरी. जेम्स नदीवर धुकं एवढं
की स्कॉटलंडचा धक्का मागे पडला
हे फक्त इंजिनाचा सूर बदलल्यावर कळतं.
मी दोर गुंडाळते, चाकांखाली पाचरी सरकवते,
आणि पलीकडचा काठ येईपर्यंतच्या वीस मिनिटांत
भाचीचे प्रश्न घेते.

एकशे चौदा कार्डं, वर रबर.
पुढे शब्द, मागे हिरव्या शाईत अर्थ.
मी स्वतः इतिहासात दोनदा नापास.
पण वाचता येतं, आणि चेहरा कोरा ठेवता येतो;
परीक्षकाला आणखी काय लागतं?

"हेडराइट."
"पन्नास एकर. जो स्वतःच्या खर्चाने
माणूस समुद्रापार आणेल, त्याला. दरडोई."
"आणि त्या डोईला?"
"मावशी, तेवढं विचारत नाहीत."

"हितकारक दुर्लक्ष."
"व्यापार नीट चालला होता तोवर
लंडनने वसाहतींकडे काणाडोळा केला."
हे मला लगेच पटलं. आम्हा सात भावंडांना
आईने असंच वाढवलं. मग एके दिवशी
तिने अचानक पै-पैचा हिशेब मागितला,
आणि घरात काय गहजब!
"हेच," जेरुशा म्हणाली. "अगदी हेच. स्टॅम्पचा कायदा."
पुढची दहा कार्डं आम्ही हसतच केली.

तीन-पंचमांश निघालं तेव्हा
डेकवर नेमक्या पाच गाड्या.
"यातल्या कुठल्या तीन?"
"तसं नाही गं. प्रत्येकीतलं थोडं थोडं."
शेंगांचा ट्रक, पाळणाघराची व्हॅन,
मिस्टर ट्रिबेटची काच न लागणारी फोर्ड...
कुणातलं काय वजा करायचं, मला ठरवता येईना.
"आणि मत?"
"मत नाही. मोजायचं यांना,
जागा वाढायच्या मालकांच्या."
तिने हे पाठ केलेल्या आवाजात सांगितलं,
मग कार्ड माझ्या हातून काढून घेतलं
आणि गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सारलं.

धुकं फाटलं. समोर जेम्सटाउनची झाडं.
"बेकनचं बंड."
"करारावर बांधलेले गोरे नोकर
आणि काळे गुलाम, एका बाजूला.
गव्हर्नर पळाला. गाव जाळलं."
"हेच समोरचं?"
"हेच."
"एकत्र?"
"एकत्र. पण आधी पामंकींवर चाल करून गेले,
त्यांनी काही केलेलं नसताना.
तेही एकत्रच, मावशी.
नंतर कायदे असे होत गेले
की त्या दोघांनी पुन्हा एका बाजूला येऊ नये.
साल सोळाशे सदुसष्ट."

कार्डावर सोळाशे शहात्तर होतं.
मी तोंड उघडलं, तेवढ्यात भोंगा झाला.
दोर टाकायची वेळ. खुंटा चुकला
तर नदी कुणाची गय करत नाही.
मान वर केली तेव्हा ती उतारावर होती,
पाठीवर दप्तर, एक बूट सुटलेला,
आणि शाळेची बस दार उघडून उभी.

आठला त्यांचे फोन जमा करतात.
साडेसातला मी दोनदा लावला. लागला नाही.
मग दिवसभर तो आकडा माझ्या तोंडात,
बडीशेपेच्या दाण्यासारखा, गिळवेना.
सीगल पक्ष्यांना सांगितला. पाचरींना सांगितला.
इंजिन-रूममधला ड्वेन म्हणाला,
"एका सालाने कोण नापास होतं?"
त्याला काय सांगू?
एवढी माणसं एका बाजूला उभी राहिली,
बरोबर की चूक, ते पुढचं;
पण कधी, एवढं तरी
आमच्या घरातल्या कुणाला नीट माहीत असावं.

दुपारी ओहायोच्या पाटीची एक गाडी आली.
म्हाताऱ्याने काच खाली केली,
"बाई, परतीची फेरी किती वाजता?"

"शहात्तर," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली
आणि घड्याळात बघितलं.