दोनशे आणि तेराशे

पाण्याच्या टाकीखाली रेंज येते,
म्हणून तिथंच माझी बँक.
एक स्टूल, एक मशीन, एक ओला फडका,
वह्या दोन: एक साहेबांना दाखवायची,
एक माझी मला कळायची.

सोजरबाई आली की आधी तिचा अंगठा पुसते.
जिंतूरच्या डाळमिलात तिसेक वर्षं खडे वेचले तिनं,
खड्यांनी तिच्या रेघा वेचल्या.
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
ती मशीनला म्हणते, "करू की बाप्पा, मला कुटं जायचंय."

"आले का?"
"दोनशे आलेत."
"कुनाचे?"
"दिल्लीचे."
"आन् तेराशे?"
"ते मुंबईचे. निघालेत म्हणे."
"कवा?"
मी टाकीकडं बघते.

निघालेत म्हणजे काय,
ते एकदा तहसीलला जाऊन विचारलं होतं मी.
बोडखे कारकून, माणूस वाईट नाही.
पंख्याखाली उडणाऱ्या यादीवर हात ठेवून म्हणाला,
तरतूद झाली, मंजुरी झाली, जिल्ह्याला आदेश आला,
"ताई, कागदावर पैसा आलाय.
आता फक्त पैशात यायचाय."

सोजरबाईला हे सांगितलं
तर तिला लगेच कळलं, मला कळायच्या आधी:
"मंग येलदरीचं पाटाचं पानीच की.
वरच्यायचं रान भिजल्याबिगर
शेपटाला कवा आलंय?"

खाजामियाँ गेल्या पोळ्याला वारले.
मुंबईनं माघात नाव कापलं.
दिल्लीच्या यादीत ते अजून आहेत,
महिन्याच्या महिन्याला दोनशे येऊन पडतात,
अंगठा नाही म्हणून तसेच राहतात.
मी कळवायला पाहिजे. फॉर्म आहे, भरलाय सुद्धा.
हमीदाबी तेवढी टाकीपाशी येऊन थांबली,
पदर तोंडात धरून म्हणाली,
"दिल्लीकू नक्को बोलो बाई.
कहीं तो हैं ना उनो."

फॉर्म दुसऱ्या वहीत आहे.

सातव्या वेळी सोजरबाईचा अंगठा लागला.
दोनशेवर मला सुटले ऐंशी पैसे.
शंभराच्या दोन नोटा तिनं उन्हात धरून पाहिल्या,
एक चहापत्ती-साखरेची,
एक गोळ्यांची, तीही अर्ध्या पत्त्याची.
मग हात पुढं केला:
"ती चिठ्ठी दे."
"कशाला? पैसे मिळाले ना?"

"ऱ्हाऊ दे. नोटा जात्यात.
चिठ्ठीवर तारीक अस्ती.
कुनी इचारलं तर दावता येतंय,
ह्या दिशी व्हते मनून."

चिठ्ठीची शाई महिन्याभरात उडते.
हे मी तिला सांगितलेलं नाही.