अकरा ळ

खजुरी बाजारात, जिन्याखालच्या नवज्योति प्रेसमध्ये
सगळं हिंदीच छापत. पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका,
दंतमंजनाची पत्रकं. वर्षातून एकदा
आमच्या मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका,
तेव्हा धन्नालालजी फळीवरून जर्द्याची डबी काढत
आणि रद्दीच्या कागदावर ओतत
शिशाचे अकरा ळ.

"दीदी, इत्ते ही हैं."

एका फर्म्यात आठ पानं. अकरा ळ.
बाकी सगळीकडे ल बसणार,
पंगतीत गैरहजर पाहुण्याच्या पाटावर
शेजारचा बसतो तसा, जरा अंग चोरून.

प्रूफं मी तपासायची. बावीस वर्षांची, रामबागेतली.
शाळेत हिंदी, घरी मराठी,
आणि मधल्या मधे माझी जीभ, आळशी.
पुण्याच्या मावसबहिणीनं एकदा ताट पुढ्यात ठेवून
मला दहा वेळा "पोळी" म्हणायला लावलं होतं.
तूप थिजलं तेव्हा कुठे जेवले.
म्हणून असेल, पण ळ वाटायला बसले की मी
रेशनवाल्यापेक्षा कडक.

केळ्याच्या वेफर्सना नाही. जाहिरात अर्ध्या दरात आहे,
केले चालतील.
शाळेला? शाला लिहिलं तरी मुलं जातातच.
पण खान नदीतला गाल काढा, असं छापलं
तर नगरपालिका नेमकं काय काढेल?
द्या एक.

बारावं पान मुळ्ये मास्तरांचं. मे महिन्यात गेले.
"मुळ्यांचं मूळ गाव राजापूरकडे. मूल नव्हतं."
इथे ल पडला असता
तर जे मूल त्यांना कधी झालंच नाही
ते राजापूरला जाऊन राहिलं असतं.
दोन दिले. मोजून, हातात.

संध्याकाळी डबीत एकच उरला
आणि चौदाव्या पानावर दाजी पागनीस टांग्यातून पडून वाचले होते:
काळ आला होता पण वेळ आली नव्हती.
हवेत दोन.
पहिल्याला द्यावा, तर वेल आली नव्हती.
दुसऱ्याला द्यावा, तर काल आला होता,
आणि काल तर काय, रोजच येऊन गेलेला असतो.

धन्नालालजींना मी फरक समजावू लागले.
वेळ म्हणजे समय, वेल म्हणजे लता.
जीभ टाळूला लावायची, मागे ओढायची, सोडायची.
त्यांनी ऐकून घेतलं. शाईची बोटं पुसली.
म्हणाले, "काल तो हमारे यहाँ भी मौत ही है, दीदी.
और ये आपका ळ...
म्हारी माँ काळी माटी केती थी. माळवो केती थी.
हातोद के स्कूल में गुरुजी ने
मार-मार के ल करवाया."

काळी. माळवो.
माझ्या ळ पेक्षा खोल होता तो,
विहिरीत पोहरा बुडावा तसा.
मी पेन्सिल उगाच तासत बसले.

सकाळी प्रूफ आलं.
शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात,
जिथे दरवर्षी नुसतं इंदौर असायचं:
मुद्रक, नवज्योति प्रेस, खजुरी बाजार, इंदौर, माळवा.

आणि चौदाव्या पानावर
काल आला होता पण वेल आली नव्हती.

मी दोन्ही ओळी वाचल्या. खूण कुठेच केली नाही.
खाली सही केली, आणि लिहिलं: छापा.