लाल ठिपका

आमच्या बँडचं नाव अजून 'ब्रेकवॉटर'च.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे
चौघांनी मिळून ठेवलेलं, चौऱ्याहत्तर साली.
त्यातला मी उरलोय. बेस वाजवतो,
म्हणजे फोटोत कडेला असतो.

इनास बोटीवर गेला. म्हणाला, सहा महिने.
त्याच्या जागी सालू आला, मग सालूचा भाचा,
मग कुडाळचा एक पोरगा, त्याला नुसतं
जोरात वाजवता यायचं.
ड्रमवरच्या पास्कोलचे गुडघे गेले.
आता युनूस मुकादम. तो गाणं पुढे खेचतो
रापण ओढावी तसं,
मी मागे धरून ठेवतो. रोजचं भांडण.

शिरोडा, रेडी, देवगड, परत शिरोडा.
मॅटाडोरची तीन इंजिनं झाली.
खाऱ्या हवेत तारा आठवड्यात गंजतात,
हे प्रत्येक नव्याला सांगावं लागतं.

अँप्लिफायर मात्र तोच.
बटणाशेजारी इनासच्या बहिणीच्या
नेलपॉलिशचा लाल ठिपका:
इथवर फिरव, पुढे नको.
सालूनं पाळलं. भाच्यानंही.
कुडाळकरानंसुद्धा.

काल मालवणात नाताळचा डान्स.
नवी पोरगी, आवेलिना, एकोणीस वर्षांची.
ठिपका बघितला, विचारलं काही नाही,
बटण दोन बोटं पुढे नेलं.
स्पीकर किंचाळला.
पुढच्या खुर्च्यांवरचे म्हातारे
माझ्याकडे बघायला लागले,
जसं काही मीच मोडलंय.

मग तिनं सुरू केलं. आमचंच गाणं,
आणि मला माझीच जागा सापडेना.

युनूस थांबला माझ्यासाठी.
पहिल्यांदाच.