पावड्या

महापालिकेनं चौकातल्या भिंतीवर विणकर काढला.
पुण्याची पोरं होती, आठ दिवस शिडीवर.
नरसव्वा यन्नम विड्यांची पाटी कडेवर धरून
बघत राहिली, मग म्हणाली,
"माग झकास. पण पावड्या कुठायत?
पाय काय रजेवर आहेत याचे?"

इरेशचा चहा सोळा रुपयांनी जास्त खपला त्या दिवशी.
त्याचं मत चांगलं आहे.
निदान आता तिथं कुणी आडोशाला थांबत नाही.

बाशा पेंटर बोलला नाही.
याच भिंतीवर त्याचं दंतमंजन होतं,
पिवळ्यावर लाल, फुटावर मजुरी,
फ्लेक्स यायच्या आधीचं.
"ती जाहिरात होती, ही कला," असं
उद्घाटनाला माइकवरून कळलं.
त्यानं मान हलवली
आणि पान थुंकला, समोरच्या भिंतीवर.

दोन उन्हाळे गेले. सोलापूरचे, चव्वेचाळीसचे.
रंगाला पोपडे धरले, खालून वर.
विणकराच्या पायाशी आधी पिवळं दिसलं,
मग लाल, मग अख्खं दंतमंजन.

"आल्या बाई पावड्या," नरसव्वा म्हणाली.

बाशा सायकल लावून जवळ गेला,
चष्मा कपाळावर, नखानं एक पोपडा काढला:
"टिंब बघ. अजून गोल आहे."