पान रिकामं

गवळीवाडा सोडून खाली उतरलं
की आमगावच्या ओढ्याचा आवाज आधी पायांना कळतो.
जळवांसाठी पोटऱ्यांना तंबाखूचं पाणी,
बॅटरी माझ्या हातात, वहीही माझ्याच.
धारवाडच्या अंगडीबाई कानडीत मोजतात,
मी मराठीत लिहितो.
ऐवत्तु. पन्नास.
ऐवत्त् नाल्कु. चोपन्न.
एवढी अंडी एका पानावर,
साबुदाण्याची पेज सांडावी तशी,
खाली हातभर काळोख
आणि मग पाणी.

शेजारी नर. अंगठ्याएवढा,
उपजत म्हातारा, अंगभर सुरकुत्या,
डोळ्यात बाहुली चौकटच्या पत्त्यासारखी.
झोत पडला तरी हलला नाही.
"राखण करालाय बघा," मी म्हणालो.
बाईंना राखण कळेना.
मग मी काठी मांडीवर घेऊन
दगडावर बसून दाखवलं,
रानडुकरांसाठी माळ्यावर बसतो तसं.
"कावलु!" त्या हसल्या.
तोही शब्द समासात टिपला.

तिसऱ्या रात्री त्रेचाळीस.
अकरांचा हिशेब लागेना.
खेकडा असेल, साप असेल,
नाहीतर माझंच पहिल्या दिवशी चुकलं असेल.

दिवसा वाड्यावर दुसरी मोजणी:
उठायचं कुणी, किती घरं, किती डोकी.
घरं सतरा.
आबा म्हणाला, म्हशी चौसष्ट लिव्हा.
साहेब म्हणाले, म्हशींना रकाना नाही.
आबा उठला आणि कासंड्या
घासलेल्याच पुन्हा घासत बसला.

सातव्या रात्री पान पाघळलं.
आत काळी वळवळ, स्वल्पविरामांची,
आणि एक सुटला.
टप्. इतका बारीक आवाज,
की ओढ्यानं तो लगेच गिळला.
मग दुसरा. मग तीन एकदम.
बाई खाली वाकून बघत राहिल्या.
"ईग हेगे एणिसली?"
आता कसं मोजू?
मी वही मिटली.
पाण्यात पडलेलं पाण्याचं.

आठव्या रात्री खरं तर काम नव्हतं.
तरी आम्ही उतरलो.
देठाशी थोडा चिकट ओलावा,
बाकी काही नाही,
आणि तो तिथंच, तोंड पाण्याकडं करून.
रकान्यात काय भरावं कळेना.
शेवटी लिहिलं:
पान रिकामं. नर हजर.
बाईंनी वाचलं, बोटानं अक्षरं लावत,
सही केली.